परदेशात इंग्रजी शिकवायची पहिली ऑफर आलीये, पगार बरा आहे की नाही ते कसं ठरवायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बी.एड. झालंय, इथल्या इंग्लिश मीडियम शाळेत दोन-तीन वर्षं काढलीत आणि आता शारजा, मस्कत, बँकॉक किंवा हनोईहून ऑफर आलीये, अशांसाठी हे लिहितेय. मी आखातात शाळेत इंग्रजी शिकवते, नवीन येणाऱ्या आपल्या लोकांची ऑफर लेटर्स वाचून देते आणि प्रश्न जवळपास सगळ्यांचे तेच असतात, म्हणून एकदाच सगळं एका जागी. यूएईबद्दल जास्त आहे कारण आपली माणसं तिकडे जास्त जातात. हिशोबासाठी दिरहम २४ रुपये आणि थाई बाथ २.७० रुपये धरलाय, तुम्ही वाचाल त्या दिवशीचा दर लावून घ्या.

४,००० दिरहमची ऑफर आहे, म्हणजे महिना ९६ हजार रुपये. चांगलीच आहे ना?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि का येतो ते मला कळतं. आपल्याकडे शिक्षणसेवकाला २०२३ मध्ये मानधन वाढवल्यावरसुद्धा प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि ज्युनिअर कॉलेजला २०,००० मिळतात, तेही पवित्र पोर्टलवर नंबर लागला तर. खासगी शाळेत सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा, असले प्रकार चालतात. अशा माणसाला ९६ हजार ऐकल्यावर पुढचं काही ऐकू येत नाही.

पण ते ९६ हजार तुम्ही सांगलीत खर्च करणार नाही आहात. समजा शाळा दुबईत आहे आणि राहायची, जायची-यायची सोय तुमची तुम्ही करायची आहे. शेअरिंगमध्ये खोली घेतली तरी १,२०० दिरहम जातील, घरी करून खाल्लं तरी ६०० जेवणाचे, मेट्रो-बसचा सगळ्या झोनचा महिन्याचा पास ३५०, फोन-इंटरनेट १००, आणि किरकोळ म्हणून ३०० धरा, औषधं, चपला, कोणाचा तरी वाढदिवस, सगळं त्यातच. झाले २,५५०. उरले १,४५०, म्हणजे साधारण ३५ हजार रुपये.

आता दुसरी ऑफर बघा, ३,२०० दिरहमची, ऐकायला कमी. पण खोली शाळेची, वीज-पाणी शाळेचं, शाळेच्या बसमधूनच जाणं-येणं. तुमचा खर्च जेवण, फोन आणि किरकोळ मिळून १,०००. उरले २,२००, म्हणजे ५२-५३ हजार. पगार ८०० दिरहमनी कमी आणि शिल्लक ७५० दिरहमनी जास्त! ज्यांना ज्यांना मी हे कागदावर मांडून दाखवलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ४,००० ला आधीच हो म्हटलेलं होतं, म्हणून कळकळीने सांगते, आधी हा हिशोब करा, मग हो म्हणा.

मग नक्की कोणता आकडा बघायचा?

वर्षाच्या शेवटी हातात किती उरतं तो. महिन्याचा पगार गुणिले जितके महिने खरंच पगार मिळतो तितके महिने, त्यातून राहण्याचा आणि खाण्याचा खर्च बारा महिन्यांचा (सुट्टीत पोट बंद नसतं), त्यातून जायच्या आधी झालेला खर्च म्हणजे कागदपत्रं, मेडिकल, तिकीट, पहिल्या महिन्याचं डिपॉझिट. जे उरेल त्याला बाराने भागा आणि मग तुमच्या इथल्या शिल्लकीशी तुलना करा, इथल्या पगाराशी नाही. इथे घरी राहून २० हजारात ८-१० हजार मागे पडत असतील तर तुलना त्या ८-१० हजारांशी. फरक किती पडला की घर सोडून जाणं परवडतं हे ज्याचं त्याने ठरवायचं, पण माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी महिन्याला २५-३० हजार जास्त उरणार नसतील तर आखातात फक्त पैशासाठी येऊ नका. अनुभवासाठी, पुढे मोठ्या शाळेत जाण्यासाठी येत असाल तर वेगळी गोष्ट.

ऑफर लेटरमध्ये बेसिक १,६०० आणि बाकी अलाउन्स असं लिहिलंय. टोटल तर तेवढंच आहे, मग काय फरक पडतो?

खूप फरक पडतो आणि नेमकी हीच ओळ बरेच जण वाचत नाहीत. यूएईत नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते आणि ती फक्त बेसिकवर काढतात. एक वर्ष पूर्ण झालं की पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचं बेसिक, पाच वर्षांनंतर दर वर्षाला ३० दिवसांचं, आणि सगळी मिळून जास्तीत जास्त दोन वर्षांच्या पगाराइतकी. म्हणजे ४,००० पैकी बेसिक १,६०० असेल तर वर्षाला १,१२० दिरहम जमा होतात, आणि बेसिक २,८०० असेल तर १,९६०. तीन वर्षं राहिलात तर फरक २,५२० दिरहमचा, म्हणजे ६० हजार रुपये, आणि ते फक्त कागदावरच्या एका ओळीमुळे.

शिवाय शिल्लक राहिलेल्या रजेचे पैसे सोडताना मिळतात तेही बेसिकवरच. आणि काही शाळा दरवर्षीची वाढ टक्क्यात देतात आणि ती पण बेसिकवर. म्हणून टोटलमध्ये बेसिक निम्म्याहून कमी दिसलं की लगेच विचारायचं, की बेसिक वाढवता येईल का, टोटल तीच ठेवा हवी तर. शाळेला लगेच खिशातून काही जात नाही म्हणून कधीकधी हो म्हणतात.

राहायची सोय शाळेने द्यावी की पैसे द्यावेत, काय चांगलं?

पहिल्या वर्षी शाळेने दिलेली सोय, नव्वद टक्के वेळा. कारण दुबई-शारजात फ्लॅट स्वतः घ्यायचा म्हणजे भाडं महिन्याच्या महिन्याला नाही, वर्षाचं दोन किंवा चार चेकमध्ये आगाऊ, वर डिपॉझिट, एजंटचं कमिशन, दुबईत विजेच्या कनेक्शनचंच डिपॉझिट फ्लॅटसाठी २,००० दिरहम. नवीन माणसाकडे ना चेकबुक असतं ना एवढी रक्कम. मग राहतं ते बेड स्पेस (म्हणजे अनेकांच्या खोलीतली फक्त एक कॉट) नाहीतर पार्टिशनची खोली.

पण शाळेची सोय म्हणजे नेमकं काय ते विचारून घ्या. खोलीत किती जणी? स्वयंपाकघर आहे का? वीज-पाणी धरून का? सुट्टीत राहता येतं का? शाळेपासून किती लांब? एका खोलीत चौघी असतील तर घरी जाऊन वह्या तपासायला टेबलसुद्धा मिळत नाही आणि त्याचा त्रास पगारापेक्षा जास्त होतो. फोटो मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पगार दहा महिन्यांचा की बारा महिन्यांचा?

हे स्पष्ट लिहून घ्या. आखातातल्या चांगल्या शाळा जुलै-ऑगस्टच्या सुट्टीचाही पगार देतात. पण पहिल्या वर्षी एक मेख असते: भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलला सुरू होतात आणि ब्रिटिश-अमेरिकन शाळा ऑगस्टच्या शेवटी, आणि तुम्ही वर्षाच्या मध्येच जॉइन झालात तर सुट्टीचा पगार पूर्ण न देता जेवढे महिने काम केलं त्या प्रमाणात देतात. ४,००० दिरहम गुणिले दहा म्हणजे महिन्याला ३,३३३ च झाले, आणि बऱ्याच ऑफर याच एका मुद्द्यावर चांगल्याच्या वाईट होतात.

थायलंडमध्ये तर हे फारच चालतं, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आठवड्याला किती पिरियड असतील ते विचारणं बरं दिसतं का? पगाराशी काय संबंध?

पगाराशीच संबंध आहे. २४ पिरियड आणि ३२ पिरियड या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. इंग्रजीच्या शिक्षकाला वरून वह्यांचे गठ्ठे असतात, निबंध, पत्रं, कॉम्प्रिहेन्शन, गणितासारखं टिक मारून होत नाही. त्यात कोणी गैरहजर असलं की त्यांचा तास तुम्हाला, बस ड्यूटी, शनिवारचं ट्रेनिंग, वार्षिक कार्यक्रमाचं निवेदन तर हमखास इंग्रजीवाल्यांच्या गळ्यात. वर्गात मुलं किती हेही विचारा. तास कमी आणि पगार ३०० दिरहमनी कमी अशी ऑफर असेल तर मी तरी ती घेईन, कारण उरलेल्या वेळात माणूस पुढचं शिक्षण करतो.

आणि एक, यूएईत परवान्याशिवाय खासगी शिकवण्या घेणं बेकायदा आहे. 'पगार कमी आहे पण ट्यूशन करून भरून काढशील' असं कोणी सांगितलं तर ते पैसे हिशोबात धरू नका. २०२३ पासून खासगी शिकवणीचा परवाना मिळायला लागलाय, पण तो रीतसर काढावा लागतो.

ओमान किंवा बहरीनची ऑफर फक्त ३०० ची आहे, एवढी कमी कशी?

कमी नाही, चलन मोठं आहे. ओमानचा एक रियाल म्हणजे साधारण २.६० डॉलर, बहरीनचा दिनार साधारण २.६५ डॉलर, कुवेतचा दिनार त्याहूनही मोठा. उलट सौदीचे ३.७५ रियाल म्हणजे एक डॉलर आणि यूएईचे ३.६७ दिरहम म्हणजे एक डॉलर. ३०० ओमानी रियाल म्हणजे जवळजवळ २,८५० दिरहम. डॉलरमध्ये काढलं की सगळ्या आखाती ऑफर एका रांगेत येतात, कारण कुवेत सोडून सगळ्यांची चलनं डॉलरलाच बांधलेली आहेत. रुपया घसरला की त्यांच्या पगाराचे जास्त रुपये होतात, पण ते बोनस समजा, त्यावर ऑफर ठरवू नका.

थायलंडमध्ये २२,००० बाथ देतायत. जाऊ का?

साठ हजारांच्या आसपास रुपये झाले. छोट्या शहरात खोली ५,००० बाथ, वीज-पाणी १,०००, जेवण ६,०००, जाणं-येणं १,५००, फोन ४००, सोशल सिक्युरिटीचे पाच टक्के कापतात पण त्याला वरची मर्यादा आहे म्हणून ८००-९०० च्या पुढे जात नाही, आणि व्हिसाच्या फेऱ्यांसाठी महिन्याला हजार बाजूला. उरले सहा हजारांच्या आसपास, म्हणजे १६-१७ हजार रुपये. टॅक्स या पगारावर जवळपास लागत नाही. बँकॉकमध्ये हाच पगार असेल तर उरण्याचं विसरा.

आता यातला खरा मुद्दा. थाई शाळा मे महिन्यात सुरू होतात, मार्चमध्ये संपतात, आणि बरीच काँट्रॅक्ट्स १० किंवा ११ महिन्यांची असतात. एजन्सीतर्फे गेलात तर ही शक्यता आणखी जास्त. मार्च-एप्रिलचा पगार नाही म्हणजे वर्षभर वाचवलेलं त्यातच खर्च होतं. शिवाय व्हिसा नॉन-इमिग्रंट बी हवा, वर्क परमिट हवं, शिक्षकांच्या परिषदेची, म्हणजे खुरुसफाची, तात्पुरती तरी परवानगी हवी, आणि आपल्यासारख्यांना टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ६०० मार्क दाखवावे लागतात. हा सगळा खर्च कोण करतंय ते ऑफरमध्ये बघा.

थायलंड वाईट आहे असं मी म्हणत नाही. वर्गात शिकवायचा आत्मविश्वास येतो, मुलं गोड असतात, लोक मदत करतात. पण घरी पैसे पाठवायचे असतील, बहिणीचं लग्न आहे, लोन आहे, तर २२,००० बाथमध्ये ते होणार नाही हे आधीच घरच्यांना सांगून ठेवा.

व्हिएतनामची ऑफर तासावर आहे, तासाला ३ लाख डाँग. हे किती झाले?

साधारण एक हजार रुपये तासाला. ऐकून मस्त वाटतं, पण तास किती देणार त्याची हमी लिहून मागा. 'आठवड्याला २० तासांपर्यंत' आणि 'आठवड्याला किमान २० तास' यात सगळं आलं. २० तास मिळाले तर महिन्याला ८० हजार रुपये, १० मिळाले तर ४०. मुलांच्या परीक्षा आल्या की क्लासचे तास गळतात, टेटच्या म्हणजे त्यांच्या नवीन वर्षाच्या सुट्टीत सेंटर बंद असतं आणि तासावर काम करणाऱ्याला त्या दिवसांचे पैसे मिळतील का ते विचारावंच लागतं. टॅक्सचंही बघा: तिथे १८३ दिवसांपेक्षा कमी राहिलात तर सरसकट २० टक्के, त्याच्यापेक्षा जास्त राहिलात तर ५ टक्क्यांपासून सुरू होणारे टप्पे. सेंटर संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी चालतं, म्हणजे तास २० असले तरी आठवडा पूर्ण बांधलेला.

वर्क परमिट सेंटरने काढून द्यायचं असतं. 'आधी टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू' म्हणाले तर नको.

त्याच शाळेत ब्रिटिश शिक्षकाला दुप्पट पगार आहे. हे चालतं का?

चालतं, आणि मला त्याचा आजही राग येतो. आखातात भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचा पगार आणि ब्रिटिश-अमेरिकन शाळांचा पगार यात मुळातच मोठी दरी आहे, कारण फीमध्येच तेवढी दरी आहे. पण एकाच शाळेत, एकाच इयत्तेला, एकच विषय शिकवणाऱ्या दोन माणसांना पासपोर्ट बघून वेगळा पगार देणं हे अन्यायाचं आहे, आणि थायलंड-व्हिएतनाममध्ये तर जाहिरातीतच 'नेटिव्ह' आणि 'नॉन-नेटिव्ह' असे दोन दर छापलेले दिसतात. आपल्याकडे एम.ए. इंग्लिश, बी.एड., पाच वर्षांचा अनुभव असलेली बाई २०,००० बाथवर आणि कुठल्याही विषयात डिग्री घेतलेला मुलगा ३५,००० वर.

तुम्ही एकट्याने हे बदलू शकणार नाही, पण दोन गोष्टी करू शकता. एक, 'तुमच्या देशात किती मिळत होते' या प्रश्नाला आकडा सांगायचा नाही, पदाचा बजेट काय आहे ते विचारायचं. दोन, ज्या शाळेत पगाराचे स्केल डिग्री आणि अनुभवावर लिहिलेले आहेत त्या शाळेला आधी पसंती द्यायची, थोडा कमी असला तरी, कारण तिथे पुढे वाढायला जागा असते.

चीन, कोरिया, जपानचे पगार फार चांगले ऐकलेत. तिथे का नाही?

चीनमध्ये इंग्रजी शिकवायच्या वर्क परमिटसाठी साधारणपणे इंग्रजी मातृभाषा असलेल्या ठरावीक देशांचे पासपोर्ट मागतात, त्यात भारत नाही. म्हणून भारतीयाला चीनमधून मोठ्या पगाराची इंग्रजी शिक्षकाची ऑफर आली की पहिला प्रश्न, व्हिसा कुठला. बिझनेस व्हिसा किंवा स्टुडंट व्हिसावर शिकवायला लावतात आणि पकडलं गेलं की डिटेन्शन, दंड आणि परत पाठवणी शिक्षकाची होते.

कोरियाचा ई-२ व्हिसा सात देशांच्या नागरिकांसाठी आहे, पण भारत-कोरिया यांच्यातल्या २०१० पासून लागू झालेल्या व्यापार करारामुळे पात्र भारतीय शिक्षकांना सरकारी शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून दार उघडं आहे. खासगी क्लासची, म्हणजे हागवॉनची ऑफर आली तर सावध व्हा.

जपानमध्ये पासपोर्टची अट तशी नाही, पण इंग्रजीत १२ वर्षं शिक्षण झाल्याचं दाखवावं लागतं. पहिलीपासून इंग्लिश मीडियम असेल तर सोपं, दहावीपर्यंत मराठी माध्यम असेल तर अडतं. आणि जपानी पगार बघताना सोशल इन्शुरन्स कापून किती येतात ते बघा, वरून दुसऱ्या वर्षापासून रेसिडेन्स टॅक्स सुरू होतो म्हणून दुसऱ्या वर्षी हातात पहिल्यापेक्षा कमी येऊ शकतात.

१२० तासांचा ऑनलाइन टीईएफएल (परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवायचा) कोर्स केला तर पगार वाढेल का?

व्हिएतनाम-थायलंडसाठी सर्टिफिकेट कागद म्हणून लागतं, त्यापुरतं ठीक. आखातातल्या शाळांना बी.एड.ची किंमत जास्त आहे. केंब्रिजचा सेल्टा हा इंग्रजी शिकवण्याचा कोर्स महाग आहे पण त्यात सहा तास खऱ्या वर्गात, निरीक्षकासमोर शिकवावं लागतं, म्हणून त्याला मान आहे. पहिल्या ऑफरच्या आधी कर्ज काढून सेल्टा करू नका. काही शाळा आयईएलटीएसचा स्कोअर मागतात, तो आधीच काढून ठेवलेला चांगला.

एजंट दीड लाख मागतोय. देऊ का?

नाही. भारतात परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्सकडे नोंदणी केलेला असावा लागतो, त्याचं नाव ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं, आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, पावती देऊन. यूएईच्या कायद्याप्रमाणे तर भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाने करायचा असतो, कामगाराकडून वसूल करायचा नाही, आधीही नाही आणि नंतर पगारातूनही नाही.

दीड लाख म्हणजे ४,००० दिरहमच्या ऑफरमधली चार महिन्यांपेक्षा जास्तीची शिल्लक. दागिने गहाण ठेवून हे पैसे भरणारी माणसं मी पाहिलीत, आणि मग नोकरी कितीही वाईट निघाली तरी ती सोडता येत नाही. चांगल्या शाळा स्वतःच्या वेबसाइटवर जागा टाकतात, मुंबई-पुण्यात येऊन मुलाखती घेतात, ऑनलाइन डेमो घेतात. थेट अर्ज करा.

डिग्री अटेस्ट (खरी असल्याचे सरकारी शिक्के) करायला किती खर्च येतो आणि तो कोणी करायचा?

डिग्री आधी विद्यापीठ आणि राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून. ओमान, बहरीन, सौदीसाठी अपॉस्टिल, म्हणजे मंत्रालयाचा आंतरराष्ट्रीय शिक्का, चालतो, त्याची सरकारी फी ५० रुपये आहे, वर अधिकृत एजन्सीचं थोडं शुल्क. यूएई, कतार, कुवेत, थायलंडला अपॉस्टिल चालत नाही, दूतावासाची पायरी लागते आणि खरा खर्च तिथे होतो. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून, फी ५०० रुपये. हे पैसे सहसा आधी तुम्ही भरता, पण जॉइन झाल्यावर परत देणार का ते ईमेलवर विचारून ठेवा, बऱ्याच शाळा देतात आणि विचारलं नाही तर देत नाहीत.

नावाचं स्पेलिंग डिग्रीवर आणि पासपोर्टवर एकच आहे ना, ते आजच बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचे यात महिने जातात आणि ऑफर निघून जाते.

'व्हिजिट व्हिसावर या, पगार लगेच चालू करतो' म्हणतायत.

जाऊ नका. यूएईत व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे आणि तुमचा पगार कुठेच नोंदला जात नाही. रीतसर पद्धतीत तिथल्या कामगार मंत्रालयाच्या ठरावीक नमुन्यातलं ऑफर लेटर निघण्याच्या आधीच सहीला येतं आणि पुढचं काँट्रॅक्ट त्याच्याशी जुळावं लागतं. शाळेच्या लेटरहेडवर ४,००० आणि मंत्रालयाच्या कागदावर २,५०० असं दिसलं तर खरा पगार २,५००, बाकी सगळं तोंडी.

बायको-मुलांना नेता येईल का एवढ्या पगारात?

यूएईत कुटुंबाचा व्हिसा काढायला ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि राहायची सोय, एवढं लागतं. नियमात बसणं आणि परवडणं मात्र वेगळं. एक बेडरूमचं भाडं, दुबईत कुटुंबाचा आरोग्यविमा तुमच्या खिशातून, मुलाची फी. ४,००० मध्ये कुटुंब नेऊ नका, स्पष्टच सांगते. दोघंही शिक्षक असाल आणि शाळा मुलाची फी माफ किंवा निम्मी करत असेल तर हिशोब बदलतो, आणि फीची सवलत हजार दिरहमच्या पगारवाढीइतकी किमती असू शकते, म्हणून ती लेखी घ्या.

आखातात टॅक्स नाही, मग भारतातही नाही ना?

निघण्याच्या तारखेवर आहे. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस किंवा जास्त राहिलात तर त्या वर्षी तुम्ही टॅक्ससाठी रेसिडेंट, म्हणजे इथलेच रहिवासी, आणि तिकडचा पगारही इथल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. साधारण २५ सप्टेंबरच्या आत निघालात आणि मार्चपर्यंत सुट्टीला आला नाहीत तर त्याच वर्षी एनआरआय. जानेवारीत निघालात तर त्या वर्षी रेसिडेंटच. पहिल्या तीन महिन्यांच्या शिक्षकाच्या पगारावर बहुतेक वेळा टॅक्स बसणार नाही, पण पगार आणि तिकडचं बँक खातं दोन्ही दाखवायला लागतं, ते विसरू नका. इथलं बचत खातं एनआरओ (एनआरआयचं इथल्या पैशाचं खातं) करून घ्या आणि तिकडून पैसे पाठवायला एनआरई (तिकडच्या कमाईचं खातं) उघडा, एनआरईवरचं व्याज एनआरआयला करमुक्त आहे.

पहिलीच नोकरी आहे, पगार वाढवून मागितला तर ऑफर काढून घेतील का?

सभ्यपणे मागितल्यावर ऑफर काढून घेणाऱ्या शाळेत तुम्हाला जायचंच नाहीये. पण टोटल वाढवून मागण्यापेक्षा शाळेला सोपं जाईल ते मागा: बेसिकचा वाटा, वर्षाचं तिकीट, अटेस्टेशनचे पैसे, दोघींची खोली, पहिल्या महिन्यात पगारातून ॲडव्हान्स. आणि फोनवर जे ठरलं ते त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवायचं, 'आज बोलल्याप्रमाणे' म्हणून. एचआरची माणसं बदलतात, ईमेल राहतो.

दोन वर्षांचा बॉण्ड आणि ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेणार म्हणतायत.

पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं यूएईत बेकायदा आहे. सर्टिफिकेटं दाखवायची, स्कॅन द्यायचे, ओरिजिनल आपल्या कपाटात. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि नोटीस ३० ते ९० दिवस असते, दोन्ही काँट्रॅक्टमध्ये बघा. वर्षाच्या मध्ये सोडलं तर किती पैसे कापणार हे आकड्यात लिहिलेलं नसेल तर सही करू नका.

पगार उशिरा आला किंवा कमी आला तर?

यूएईत पगार वेज प्रोटेक्शन सिस्टीममधून बँकेत यावा लागतो आणि ठरलेल्या तारखेनंतर १५ दिवसांत आला नाही तर तो थकलेला धरतात. रोख देतो म्हणाले तर नाही म्हणा, कारण बँकेतली नोंद हाच तुमचा पुरावा. तक्रार मंत्रालयाच्या ॲपवरून करता येते. भारत सरकारच्या मदद पोर्टलवरही तक्रार टाकता येते, दुबईत आपल्या वाणिज्य दूतावासाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तिथे कायद्याचा सल्ला फुकट मिळतो. एक महिना थकला की लगेच विचारायला सुरुवात करा, तीन महिने वाट बघत बसू नका, कारण तोपर्यंत घरभाडं आणि घरी पाठवायचे पैसे दोन्ही उधारीवर आलेले असतात. ऑफर लेटर, काँट्रॅक्ट आणि प्रत्येक महिन्याची पे स्लिप स्कॅन करून घरच्या कोणाच्या तरी ईमेलवर पाठवून ठेवा, जायच्या आधीपासूनच.